भित्तिपत्रकापासून वेबपानापर्यंत : विद्यापीठाच्या भिंतीवर कुणाचे नाव?

मराठवाड्यातील जुन्या महाविद्यालयांत शिकलेल्या कुणालाही भित्तिपत्रक म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. मराठी विभागाच्या दाराशेजारी काच लावलेली लाकडी चौकट, आत टाचण्यांनी लावलेले ड्रॉइंग पेपर, त्यांवर वळणदार अक्षरांत उतरवून काढलेल्या कविता, एखादे पुस्तकपरीक्षण, कोपऱ्यात संपादक मंडळाची नावे. भिंत महाविद्यालयाची असे, मजकूर मात्र विद्यार्थ्यांचा असे. प्राचार्य अनावरणाला येत, चार शब्द बोलत आणि निघून जात. त्यानंतर त्या चौकटीत काय लागते याची चौकशी सहसा होत नसे. हा अलिखित करार किती मोलाचा होता, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. भिंत नसेल तर लिहिणारा रस्त्यावर येतो, आणि भिंतीचा मालक रोज डोकावू लागला तर लिहिणारा उठून जातो.

विद्यापीठाच्या सर्व्हरवरील व्यक्तिगत किंवा गटाच्या पानाचा इतिहास आम्हांला या करारामुळेच जवळचा वाटतो. नांदेड-लातूर या आमच्या परिसरात तो करार छापील व हस्तलिखित जगातून महाजालावर का उतरला नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या पानांचा जन्म योजनेतून झाला नाही, सोयीतून झाला. युनिक्स पद्धतीच्या सामाईक यंत्रावर प्रत्येक अध्यापकाचे व विद्यार्थ्याचे एक खाते असे आणि प्रत्येक खात्याला स्वतःची घरपेटी असे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत मांडली. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी तिचे तंत्र सर्वांना खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रातून मोझेक हा ब्राउझर बाहेर पडला. याच केंद्राच्या सर्व्हर-प्रणालीत एक साधी सोय होती. आपल्या घरपेटीत ‘पब्लिक एचटीएमएल’ या नावाचा एक कप्पा करायचा. त्यात ठेवलेली फाइल जगाला दिसू लागे. पत्त्यात विद्यापीठाचे नाव, मग एक नागमोडी रेघ आणि पुढे खातेदाराचे नाव. कुलसचिवांची परवानगी नाही, समिती नाही, निविदा नाही. घराचे एक दार रस्त्याच्या बाजूला उघडले, इतकेच.

ती नागमोडी रेघ आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. तिच्या डावीकडे संस्था आणि उजवीकडे माणूस. संस्थेची प्रतिष्ठा माणसाला लाभत होती, पण मजकुराची जबाबदारी माणसाची होती. भित्तिपत्रकाचा करार म्हणजे याहून वेगळे काय असते?

या दारांतून मराठीही बाहेर पडली, पण ती प्रामुख्याने परदेशातील विद्यापीठांच्या दारांतून. नव्वदच्या दशकात अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे पहिली अडचण लिपीची होती. अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या ‘आयट्रान्स’ या प्रणालीने ती काही अंशी सोडवली. रोमन अक्षरांत ठरावीक पद्धतीने टंकायचे आणि देवनागरीत छापून घ्यायचे. घराची आठवण हे त्यामागचे कारण आम्हांला कमी प्रतीचे वाटत नाही. लोकसाहित्याच्या संकलनाचीही सुरुवात पुष्कळदा आठवणीतूनच होते.

आता तीन उदाहरणांकडे जरा निवांत पाहू, कारण आमच्या म्हणण्याचा भार त्यांच्यावर आहे.

मराठीचा कोणताही विद्यार्थी आज एखाद्या जुन्या शब्दाशी अडला की मोल्सवर्थ उघडतो. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा हा कोश तो ग्रंथालयाच्या कपाटातून काढत नाही. शिकागो विद्यापीठाच्या सर्व्हरवरून काढतो. तेथेच दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, वझे यांचा कोश आहे आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. महानुभाव गद्य शिकवताना आमच्यापैकी अनेकांनी वर्गात जाण्याआधी शिकागोचे पान पाहिलेले आहे. लीळाचरित्राची भूमी ही. शब्द मात्र मिशिगन सरोवराच्या काठावर तपासायचे. यात खंत करण्यासारखे काही आहे असे आम्ही मानत नाही, मात्र यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

दुसरे उदाहरण कोलंबिया विद्यापीठाचे. तेथे उर्दूच्या प्राध्यापक असलेल्या फ्रान्सेस प्रिचेट यांनी विद्यापीठाच्या सर्व्हरवर स्वतःची पाने रचली. गालिबच्या उर्दू दिवाणावरील त्यांचे शेरागणिक भाष्य प्रसिद्धच आहे. त्याच पानांत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लेखनही अभ्याससाहित्यासह मांडले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले त्याच विद्यापीठाच्या सर्व्हरवर, एका अध्यापिकेच्या व्यक्तिगत पानांत हे लेखन आले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९३४ साली दौलताबादला घडलेला प्रसंग आहे. वेरूळकडे निघालेल्या बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, किल्ल्याजवळच्या तलावाच्या पाण्याने हातपाय धुतल्याबद्दल जो अपमान सोसावा लागला, तो मराठवाड्याच्या भूमीवरचा आहे. हे लेखन पुस्तिकेच्या रूपाने १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. तरी जगभरच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांना ते भेटले ते या पानावर. एका अध्यापिकेला वाटले आणि तिने केले. तिला आपल्या विद्यापीठात तेवढी जागा होती.

तिसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. पुण्यात राहून काम करणारे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतील बायांकडून ओव्या मिळवल्या; संख्या एक लाखाच्या पुढे, गावे एक हजारांहून अधिक. संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात या कामात आले आणि त्यांनी ध्वनिमुद्रणांचा व संहितांचा विदासंच उभा केला. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी १९९६ साली गाइलेल्या, बाबासाहेबांवरील ओव्या याच संग्रहात आहेत. या ध्वनिमुद्रणांना आसरा मिळाला तो दक्षिण फ्रान्समधील एक्स येथील, विद्यापीठाशी निगडित भाषा-प्रयोगशाळेच्या संग्रहात. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या ओव्या नव्याने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्या आपल्याकडे परत ऐकू येऊ लागल्या. माजलगावहून नांदेड वा लातूर गाठायला एक सकाळ पुरते. ओव्या मात्र फ्रान्सला जाऊन आल्या.

मग आपल्याकडे काय होते?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी झाली. १९५८ साली औरंगाबादेत स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला त्याच वर्षी जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले होते, आणि त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातून हे नवे विद्यापीठ वेगळे झाले. नांदेड, लातूर, परभणी हे जिल्हे त्याच्याकडे आले. १९९९मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा निघाला. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले, इंग्रजी साहित्याचे अध्यापक आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. साहित्यावर प्रेम करणारा माणूस शीर्षस्थानी होता. ज्या नगरीच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर प्राचार्य होते त्या नगरीत विद्यापीठ आले होते. मनुष्यबळाची किंवा वाङ्मयीन जाणिवेची वाण होती असे कुणीही म्हणणार नाही.

पण विद्यापीठाचा सांगाडा निराळा होता, आणि आमच्या मते खरे कारण तेथे आहे. विष्णुपुरीच्या माळावरील परिसर हा या विद्यापीठाचा लहानसा भाग. मोठा भाग म्हणजे चार जिल्ह्यांत विखुरलेली संलग्न महाविद्यालये. अशा विद्यापीठाचे मुख्य काम परीक्षा घेणे, अभ्यासक्रम ठरवणे, संलग्नता देणे हे असते. त्यामुळे त्याचे संकेतस्थळ हे स्वभावतःच परिपत्रकांचे, वेळापत्रकांचे आणि निकालांचे स्थळ बनते. निकालाच्या दिवशी मुखेडपासून निलंग्यापर्यंतची मुले नेट कॅफेत रांग लावत, तेव्हा त्यांना त्या स्थळाकडून कविता नको होती, गुणपत्रक हवे होते. हे समजण्यासारखे आहे.

दुसरे कारण यंत्रांचे. भारतातील विद्यापीठीय जाळ्याची सुरुवात १९८६मध्ये अर्नेट प्रकल्पाने झाली. आरंभीच्या आठ सहभागी संस्थांत महाराष्ट्रातील दोनच, आयआयटी मुंबई आणि एनसीएसटी, आणि दोन्ही मुंबईत. तेथे युनिक्सची सामाईक यंत्रे होती, म्हणून खाती होती, म्हणून घरपेट्या होत्या, म्हणून नागमोडी रेघेची पानेही आली. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, चार महानगरांत. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘यूजीसी-इन्फोनेट’ योजना २००२च्या अखेरीस सुरू झाली आणि त्यानंतर विद्यापीठे टप्प्याटप्प्याने जोडली जाऊ लागली. तोपर्यंत संगणक म्हणजे टेबलावरचे विंडोज यंत्र हे समीकरण पक्के झाले होते. त्या यंत्राला खातेदार नसतो, फक्त समोर बसणारा असतो. ज्याला घर नाही त्याला रस्त्याकडे उघडणारे दार कोठून मिळणार? संकेतस्थळ ही वस्तू मग बाहेरच्या व्यावसायिकाकडून ‘करून घेण्याची’ झाली, जशी इमारतीला रंगरंगोटी करून घेतात तशी.

तिसरी गोष्ट नियमांची. २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक संस्थांना स्वतःहून माहिती जाहीर करण्याचे बंधन घातले. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयांना आपले अहवाल संकेतस्थळावर ठेवावे लागू लागले. महाविद्यालयांच्या पानांना या दोन्हींमुळे वेग आला हे खरे. आणि दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु संकेतस्थळ हे उत्तरदायित्वाचे साधन म्हणून आले की त्यावर काय ठेवायचे हे कार्यालय ठरवते. अध्यापकाचे पान म्हणजे छायाचित्र, पदव्या, नेमणुकीची तारीख आणि शोधनिबंधांची संख्या. त्याने काय लिहिले आहे हे तेथे वाचता येत नाही. किती लिहिले आहे हे मात्र मोजता येते.

येथे आमची स्वतःची हकीकत थोडक्यात सांगतो. २००३च्या सुमारास लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आम्ही मराठी व इंग्रजीचे चार अध्यापक आणि काही पदव्युत्तर विद्यार्थी असे मिळून एक गटाचे पान करायला बसलो. औसा, निलंगा, कंधार, मुखेड या तालुक्यांतील आपापल्या गावांहून विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत ओव्या, उखाणे, म्हणी लिहून आणल्या होत्या. भित्तिपत्रकात त्या मावत नव्हत्या. फोनच्या तारेवरून जोडणी होई, वीज ठरलेल्या वेळी जाई आणि न ठरलेल्या वेळीही जाई. एफटीपीने फाइल चढवताना शेवटच्या टप्प्यावर दिवे गेले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. परंतु त्याचे आम्हांला दुःख नव्हते. खरा घोळ टंकांचा होता.

त्या काळी प्रत्येक मराठी टंक म्हणजे एक स्वतंत्र राज्य होते. पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम प्रणाली, श्रीलिपी, आकृती, ‘शिवाजी’, ‘किरण’. प्रत्येकाची अक्षररचना वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. वाचणाऱ्याच्या यंत्रावर नेमका तोच टंक नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसे. देवनागरीला युनिकोडात १९९१पासून जागा होती, विंडोज २०००मध्ये ‘मंगल’ टंक आला होता. पण आमच्या प्रयोगशाळेत विंडोज ९८ होते आणि गावात डीटीपी करणारे सारे जुन्या टंकांत काम करीत. आम्हीही तेच केले. ज्या टंकात छपाई होते त्याच टंकात पान. त्या वेळी तो निर्णय व्यवहार्य वाटला. तो चुकीचा होता. तो आमचाच होता, दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

पान महाविद्यालयाच्या सर्व्हरवर ठेवावे अशी विनंती आम्ही केली. उत्तर सौजन्याचे होते: मजकूर आधी कार्यालयात दाखवावा, मग तो व्यावसायिकाकडे जाईल, मग चढेल. आम्ही तसे केले. एक ओवी दुरुस्त करायची तर अर्ज. पान तीन-चार वर्षे राहिले. नंतर व्यावसायिक बदलला, नव्याने नवे संकेतस्थळ केले, जुने पान त्यात आले नाही. कुणी ते काढले नाही. ते कुणाच्या यादीतच नव्हते. भित्तिपत्रकाचे कागद निदान कपाटावर धूळ खात पडून राहतात.

याचा अर्थ मोफत जागा सुरक्षित होत्या असाही नाही. १९९४ साली सुरू झालेली जिओसिटीज याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली आणि लक्षावधी लोकांची पाने एका दिवसात मुळावरून गेली. स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने जेवढी वाचवली तेवढीच आज पाहता येतात. विद्यापीठेही अमर आसरा देत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संगणकीय संहिता मुनेओ टोकुनागा यांनी जपानात तयार केली, जॉन स्मिथ यांनी केंब्रिजमध्ये तपासली आणि विद्यापीठाच्या ज्या सर्व्हरवर ठेवली त्याचे नाव गमतीने ‘बॉम्बे’ असेच होते; पुढे तीही दुसऱ्या पत्त्यावर हलली. प्रिचेट यांच्या पानांचीही स्वतंत्र पत्त्यावर प्रत झाली आहे. फरक इतकाच की तेथे हलवणारा माणूस होता आणि त्याला आपली फाइल कोठे आहे हे ठाऊक होते. पान ज्याचे असते तो ते उचलून नेतो. कार्यालयाच्या पानाला असा कुणी नसतो.

‘शोधगंगे’चे उदाहरण येथे कुणी देईल, आणि दिलेच पाहिजे. अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीने प्रबंधाची संगणकीय प्रत आवश्यक केली, इन्फ्लिबनेटने ती ठेवण्याची व्यवस्था केली, आणि नांदेड विद्यापीठाचेही प्रबंध तेथे आहेत. ज्या प्रबंधांवर पूर्वी ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात कसर लागत असे ते आज कोणालाही उघडता येतात, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही मराठीच्या संशोधकाने एकदा प्रयोग करून पाहावा. जुन्या टंकात जुळवलेला प्रबंध उघडावा, त्यातला एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवावा. पानावर शुद्ध मराठी दिसते, चिकटवल्यावर चिन्हांची रास उतरते. आणि ज्यांची पाने स्कॅन केलेली आहेत त्यांतून तर तेवढेही उतरत नाही. म्हणजे मजकूर डोळ्याला आहे, शोधयंत्राला नाही. मराठवाड्यातील एखाद्या कवीवर कुणी काय लिहिले हे शोधू जावे तर प्रबंधाचे शीर्षक सापडते, आतले वाक्य सापडत नाही. आमच्या ओव्यांच्या पानाचे जे झाले तेच, मोठ्या प्रमाणावर.

आमच्या ओव्यांची एक सीडी मात्र उरली होती. एका माजी विद्यार्थ्याने, तो आता स्वतः अध्यापक आहे, ती कपाट आवरताना सापडल्यावर आणून दिली, आणि आश्चर्य म्हणजे ती चालली. टंक-परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडात आणला. बहुतेक अक्षरे जागेवर आली. बिघडले ते नेमके मराठीचे खास अक्षर, ‘ऱ्या’तला अर्धा र. परिवर्तकाने सगळीकडे रफार चढवला आहे. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतील भेद आपण विद्यार्थ्यांना हसत शिकवतो. येथे ओव्यांतील सगळे सासरे आणि सगळ्या बिचाऱ्या सुना रफाराखाली वाकल्या आहेत. यंत्राला एकगठ्ठा दुरुस्ती सांगता येत नाही, कारण ‘सूर्या’ आणि ‘धैर्या’ तसेच राहायला हवेत. तेव्हा दर शनिवारी दुपारी दोघे जण बसतात, एक मोठ्याने वाचतो, दुसरा अक्षर सुधारतो. औसा आणि निलंगा झाले. कंधारच्या वहीत एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या ओव्यांखाली गावाचे नाव लिहायचे राहून गेले आहे, ते विचारायला तिचा पत्ता शोधतो आहोत.